पाच इंचाले चार

पहिलेच सांगून टाकते, चूक माही होती. वर्षभर म्या हे कोणाले सांगितलं नाही. कोणी डोळे वटारून विचारलं असतं तं म्या त्याच्याच फोनाची खोड काढून त्याले वाटेले लावलं असतं. पण ज्याच्या जिवाले लागलं, त्या बापूजीनं कधी विचारलंच नाही. न विचारणाऱ्या माणसापुढं कसं खोटं बोलावं, सांगा बरं.

मी दीपमाला. राळेगावच्या बसस्टँडसमोर माहं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोरापोरींचे ॲडमिशन, रंगीत झेरॉक्स, सगळं होते. त्याच्यावर वेबसाइटाही बनवून देते. पाटीवर तसं लिहून आहे, अन् खालच्या ओळीत 'उगाच घाई करू नये' हेही लिहून आहे, पण वाचते कोण! राहते मी मात्र गावात, सहा किलोमीटरवर, बापूजीच्या घराले लागून.

बापूजी सुतार आहे, बाहत्तर वर्षांचे. खिडक्या-दरवाजे लोकं आता तयारच आणते, पण तान्ह्या पोळ्याचा बैल म्हटला का आजूबाजूच्या दहा गावांत बापूजीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरं लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत पारापाशी आणते, तो तान्हा पोळा. बापूजी वर्षाले एकच बैल करते, सागाचा, अन् त्या दिवसापर्यंत कोणाले दावत नाही. वर गोधडी टाकून ठेवते. बायकोलेही म्हणते, "हात लावू नको, नजर लागते." पंचफुलाकाकू म्हणते, "चाळीस वर्षांत मले कधी इतकं जपलं नाही या माणसानं!"

त्याहीचा एकुलता एक पोरगा नयन. पुण्याले कंपनीत आहे, बायको-पोरीसकट. आधी पोळ्याले यायचा, मंग सुट्टी नाही, रिझर्वेशन नाही, असं करत करत येणं बंद झालं. असे गावातले वीसेक जण परगावी आहे. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या मंडळाचे अध्यक्ष सेवादासभाऊ माह्या दुकानात आले अन् म्हणे, "दीपाबाई, एक पान बनव. सगळे बैल त्याच्यावर टाक. परगावची मंडळी तिकडून पाहीन अन् मत देईन. अन् खाली त्याहीचेही फोटो लाव, आपलं तोंड पाहून खूश होते लोकं."

लावले. वर बैल, खाली 'परगावची मंडळी'. माह्या लॅपटॉपवर पाह्यलं, माह्या फोनात पाह्यलं. झकास. पान चालू केलं अन् भाकर खायले घरी गेली.

घास तोंडात नाही गेला तं गावाच्या ग्रुपवर नयनचा फोटो. त्याच्या महागड्या फोनात पान कसं दिसलं, ते त्यानं जसंच्या तसं धाडलं होतं. बापूजीचा बैल कोणी वरून खालून ओढल्यावानी लांबलचक. पाय हे एवढाले, तोंड लंबं, शिंगं कानावानी उभी. अन् खाली लिहून, "बाबा, यंदा गाढव केलं का?" अन् हासणारी तोंडं चार. झालं! दोन दिवस गाव खिदळत होतं. कोणी लिहिलं, "कुंभाराले विका." कोणी लिहिलं, "रेकते का?"

तिसऱ्या दिवशी बापूजी दुकानात आले. फोन माह्यासमोर ठेवला अन् म्हणे, "पोरी, मले याच्यातून बाहेर काढ." म्या त्याहीले ग्रुपातून काढून देलं. बस्, तवापासून नयनचा फोन आला का बापूजी उठून कामाच्या खोलीत जाते अन् रंधा मारत बसते. काकूले एकदा म्हणे, "फोन लंबा दावो का आखूड. पण पोराले बापाचा हात समजू नाही?" तिकडं नयनही अकडून बसला, का साधी गंमत केली तं त्यात काय! बाप तसा लेक. दोघायच्या मधात काकू, फोन कानाले लावून एकाचं दुसऱ्याले अर्धंच सांगणारी.

आता हे बिघडलं कसं ते ऐका, एकदाच सांगते. पान उघडायची फोनात जी खिडकी राहते, तिले ब्राउझर म्हणते. म्या पानात लिहिलं, फोटो इतका रुंद दाव. उंचीचं काही लिहिलंच नाही. माह्या ब्राउझरनं समजून घेतलं, का बाई घाईत असन, अन् उंची आपल्या मनानं बरोबर बसवली. नयनच्या ब्राउझरले चौकट रिकामी दिसली, तं त्यानं फोटो ताणून चौकट भरून टाकली. एकच निरोप दोन जावयांजवळ धाडला का असंच होते. हे मले त्याच दिवशी समजलं होतं. पण तान्हा पोळा तं होऊन गेला, अन् लोकं विचारे तवा मी म्हणे, "नयनचा फोनच तसा आहे." फोन काही उत्तर द्यायले येत नाही. पान तसंच पडून राह्यलं. त्याच्यावर किती जण येते तो आकडा मले दिसते. वर्षभर कुत्रं फिरकलं नाही. एक जुना फोन तेवढा रोज सकाळी साडेसहाले यायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचा अन् जायचा. मले वाटलं, कोणाच्या तरी फोनात उघडंच राहून गेलं असन.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी पंचफुलाकाकू दुकानात आली. कधी येत नाही ती. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"दीपे, यंदा बैल नीट दिसला पाहिजे. पोरगं पाहीन, बापाशी बोलन, झालं तं येईन. यंदाही तोंड फिरवलं तं हे दोघं पुन्हा नाही बोलत. मी ओळखते दोघायले. अन् आता माह्यात असं दुसरं वर्ष काढायचा दम नाही."

एवढं बोलून गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यावरच खेकसली.

पोळा शुक्रवारी होता. सोमवारी म्या दुकानाच्या टेबलावर सात फोन मांडले. सेवादासभाऊचा काच फुटलेला, अंगणवाडीच्या संगीताताईचा, केबलवाल्या रोशनचा, असे मागून आणले. चाचणीसाठी गेल्या वर्षीचेच बैल टाकून एक वेगळं पान केलं, जे कोणाले दिसत नाही. अन् मंग तमाशा सुरू झाला. सेवादासभाऊच्या फोनात मत द्यायचं बटण बैलाच्या पोटाखाली जाऊन बसलं. संगीताताईच्या फोनात नावं एकावर एक चढली. रोशनच्या फोनात सगळं ठीक होतं, पण त्याचा बैल शेवटी दिसे म्हणून त्याचं तोंड वाकडं. एकाचं शिवावं तं दुसऱ्याचं उसवे. अक्षरं आवरली का बटण पळे, बटण धरलं का चौकटी घसरे. दिवसभर म्या त्या सात फोनाले ज्या शिव्या देल्या, त्या इथं लिहिता येत नाही.

सायंकाळी शेवटचं काम उरलं, फोटोचं. उंचीच्या जागी 'आपोआप' असा एकच शब्द लिहायचा होता. लिहिला. सातही फोनांत फोटो सरळ झाले. हात लागलाच होता तं गेल्या वर्षीच्या पानालेही तोच शब्द लावून देला. छाती फुगवून घरी गेली मी त्या दिवशी.

मंगळवारी यंदाच्या बैलांचे फोटो येऊ लागले. बापूजी आंघोळीले गेले तवा काकूनं गोधडी उचलून त्यायच्या बैलाचा फोटो काढला अन् मले धाडला. म्या तो चाचणीच्या पानावर चढवला अन् पाह्यलं. अवं माय! बाकी सगळे बैल तालेवार, अन् बापूजीचा एकटा बसका. आखूड पाय, आखूड मान, वशिंड दाबलेलं. जसं कोणी पाठीवर गहू भरलेलं पोतं ठेवलं.

मले वाटलं, पुन्हा माहीच चूक. मंगळवार गेला, बुधवार गेला. चौकट बदलली, रुंदी बदलली, फोटो काढून पुन्हा टाकला, अख्खं पान मोडून नव्यानं मांडलं. सातही फोनांत तो बैल तसाच बसका. अन् इथंच माह्या डोक्यात उजेड पडायले पाहिजे होता. सात फोन कधी एका मताचे होत नाही. झाले तं समजून घ्यावं का ते खरं बोलून राह्यले. पण मी पडली दीडशहाणी, मी पानालेच कुटत बसली.

गुरुवारी सकाळी टेप घेऊन सरळ बापूजीच्या कामाच्या खोलीत गेली.

"बापूजी, मले बैल मोजू द्या."

"नजर लागते पोरी."

"माही नजर दोन दिवसांपासून लागूनच आहे. काढा ती गोधडी."

बापूजीनं काढली. मी पाहतच राह्यली. फोटो खोटं बोलत नव्हता. बैल खरंच बसका होता. काम म्हणाल तं असं, का मानेखाली लोंबणाऱ्या पोळीची एकेक घडी मोजून घ्यावी. डोळे असे, का आता पापणी लवन. पण सगळा बैल वरून खाली दाबल्यावानी.

"हे काय केलं हो बापूजी?"

बापूजी हासले. कोणाले तरी दावायची संधी मिळाली, असं ते हासणं होतं. भिंतीवरच्या खिळ्याचा एक कागद काढून त्याहीनं माह्या हातात देला. नयननं ग्रुपवर धाडलेला तोच फोटो, छापून आणलेला. खाली 'गाढव केलं का' हेही छापून आलेलं. अन् त्या फोटोवर पेन्सिलीच्या रेघा, आकडे, खुणा. माह्या दुकानातून नव्हता छापला, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडून छापला होता. मले वाईट वाटू नाही म्हणून.

"हे पाह्य पोरी," बापूजी बोट ठेवून सांगू लागले. "गेल्या सालचा माहा बैल खुरापासून वशिंडापर्यंत बारा इंच. लांबी बरोबर धरली तं या कागदावर उंची येते पंधरा. म्हणजे त्याचा फोन चाराचे पाच करते. म्या म्हटलं ठीक हाय बाप्पा. आपण पाच इंचाले चार करू. पाय, मान, शिंगं, सगळं पाच इंचाले चार. लांबीले हात नाही लावला. आता त्याचा फोन ताणन, अन् बैल बरोबर होईन."

म्या उघडलेला टेप पुन्हा गुंडाळून ठेवला.

"फोन बदलत नाही," बापूजी म्हणाले, "पोरगं बदलत नाही. मंग राह्यलं कोण? लाकूड. लाकूड बिचारं ऐकते."

तवा म्या सांगून टाकलं. सगळं. का चूक नयनच्या फोनाची नव्हती, माही होती. का एक शब्द लिहायचा राह्यला होता. का वर्षभर म्या तोंड दाबून बसली. अन् सोमवारी तो शब्द लिहिला, आता कोणताच फोन ताणत नाही. बोलता बोलता रडू आलं मले, खरं सांगते. मले रडू आलं का राग येते, अन् राग आला का आवाज वाढते, म्हणून काकू पीठ लागलेल्या हातानं धावत आली का दीपी बुढ्यावर काहून ओरडून राह्यली.

बापूजीनं सगळं ऐकून घेतलं. कागद पुन्हा खिळ्याले लावला. मंग एकच विचारलं, "म्हणजे आता त्याच्या फोनात कसा दिसन?"

"आहे तसाच."

बापूजी बैलाकडं पाहत राह्यले. दोन महिन्यांचं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी पोळा, तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नवा बैल काही होत नव्हता. गोधडी उचलून त्याहीनं हळूच त्याच्यावर टाकली अन् म्हणाले, "राहू दे मंग. यंदा बैल नाही टाकत आपण."

काकूनं माह्याकडं पाह्यलं. तिनं शिवी घातली असती तं परवडलं असतं.

"टाकत कसे नाही?" मी उठली. "गेल्या वर्षी म्या बैल फुकटात ताणला होता. यंदा मेहनत करून ताणते. तुमचा एकट्याचा फोटो, चाराले पाच. बाकीच्याले हात नाही लावत."

"म्हणजे लबाडी करशीन?"

"लबाडी कायची? तुमी जेवढं कापलं, तेवढंच भरून देते."

सुताराले हे पटन का नाही, मले काही समजत नव्हतं. मंग कानावरची पेन्सिल काढून त्याहीनं माह्या हातात देली.

"मोजून कर," ते म्हणाले. "अंदाजानं नको."

चार वाजता पान चालू केलं. सोमवारी झटून जी चूक पानातून हाकलली होती, तीच हात जोडून एका बैलापुरती परत आणली. सातही फोनांत बापूजीचा बैल असा उभा राह्यला, का बाकीचे त्याच्यापुढं वासरं. तासाभरानं ग्रुपवर नयनचा निरोप आला. हासणारी तोंडं नव्हती. दोनच शब्द होते, "बाबांचा हात." अन् त्याच्याखाली, "तान्ह्या पोळ्याले येतो."

काकू माह्या गळ्यात पडली. मीही उड्या मारल्या. मंग एकदम ध्यानात आलं अन् पाय तिथंच थांबले. माणूस येईन तं बैल डोळ्यानं पाहीन. त्याच्या डोळ्यात म्या कोणता शब्द लिहू?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी यवतमाळकडून येणाऱ्या बसनं नयन उतरला, संग त्याची पोरगी समीक्षा. पारापाशी तोरणाखाली लेकरं बैल घेऊन रांगेत लागली होती. रोशनचा बैल समोर, डोळ्यांत लाल लाइट लावलेला. बापूजीनं आपला बैल झूल घालून, बेगड लावून आणला होता. नयन आला अन् बैलासमोर उभा राह्यला. समीक्षानं दोरी हातात घेतली, बैलाकडं पाह्यलं अन् खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, हा मोबाईलमध्ये तर उंच होता!"

सगळ्या गावानं माह्याकडं पाह्यलं. का पाह्यलं देव जाणे, पण गावाले असलं बरोबर समजते.

मंग काय, म्या तिथंच, तोरणाखाली, सगळ्यांसमोर सांगितलं. गेल्या वर्षीचं गाढव माहं. बापूजीनं ते कागदावर मोजलं अन् यंदाचा बैल नयनच्या फोनासाठी कापला, पाच इंचाले चार. अन् म्या पुन्हा ताणला. हासायचं तं आता माह्यावर हासा, म्हटलं. सेवादासभाऊ हासायले तोंड उघडून बसले होते, त्याहीनं ते मिटलं.

नयन बैलासमोर उकिडवा बसला. त्याच्या आखूड मानेवरून, आखूड पायांवरून हात फिरवला. मानेखालच्या पोळीच्या घड्यांपाशी येऊन त्याचा हात थांबला.

"माह्या फोनासाठी, बाबा?"

"तुले गाढव दिसू नाही म्हणून," बापूजी म्हणाले.

"एक फोन करून झापलं असतं मले. चार शिव्या देल्या असत्या."

बापूजीनं नयनले दंडाले धरून उठवलं. दंड दाबून पाह्यला, गालाले हात लावला, मंग पोटाकडं पाह्यलं. पोट चांगलं सुटलेलं होतं. बापूजीच्या तोंडावर असं समाधान आलं, का मले समजेचना का बाप लेकाचं पोट पाहून इतका खूश काहून होते.

"बरा हायेस तू," ते म्हणाले. "वर्षभर नुसता वाळलेला दिसे. गाल आत, मान लंबी. मी रोज सकाळी चहा घेताना पाहो ना तुले, मंडळाच्या त्या पानावर. वरच्या बैलाकडं पाहवे ना, सरळ खाली तुह्यापाशी. माह्या फोनात तेवढाच एक फोटो तुहा. हिले नाही सांगितलं, उगाच जिवाले घोर. म्हटलं, तिकडं धड जेवते का नाही हे पोरगं. मंग या मंगळवारी सकाळी पाह्यलं तं एकदम भरलेला. डोळेच निवले. म्हटलं, चला, पोरगं सुधरलं. आता येईन."

नयननं बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् भर पोळ्यात रडला. रांगेतले बैल पुढं सरकले, समीक्षानं दोरी ओढली, अन् तो बसका बैल घुंगरं वाजवत तोरणाखालून गेला. पहिला नंबर रोशनच्या लाल डोळ्यांच्या बैलाले भेटला. बापूजीनं तिकडं पाह्यलंही नाही.

मी मात्र खाली वाकून पायातली चप्पल नीट करत राह्यली. रोज साडेसहाले येणारा तो जुना फोन कोणाचा, हे मले आता समजलं होतं. सोमवारी सायंकाळी म्या त्या जुन्या पानावर एक शब्द लिहिला होता, अन् तवाच त्या फोनातला ताणलेला नयन सरळ झाला होता. हे तेवढं म्या बापूजीले आजवर सांगितलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं ते, अन् म्या वर्षभर केलं नव्हतं.